बिदाईच्या वेळी तू कुठं होता

गुलाब, सांगून टाकलं मी. काल अकोल्याले गेलो आणि तुझ्या प्रज्ञाले सगळं सांगून आलो. आता जिथं असशील तिथून शिव्या द्यायच्या तर दे. शपथ मोडली म्हणशील. हो, मोडली! आणि खरं सांगू का, संध्याकाळी बडनेऱ्याले गाडीतून उतरलो तेव्हा इतकं हलकं वाटलं, की ऑटोवाल्याशी भाड्याची घासाघीससुद्धा केली नाही.

लोक मले नावं ठेवून राहिले. "जन्माचा सोबती गेला आन् शालिकराव हसून राहिले." अबे, रडलो ना मी. तुझ्या दारात पायरीवर बसून लेकरासारखा रडलो, सारी गल्ली साक्षी आहे. पण तू सुटला हेही खरं. खाटेवर पडला नाही, कोणाच्या हातचं पाणी मागितलं नाही. संध्याकाळी माझ्याशी कडाकडा भांडला, घरी जाऊन भाकर खाल्ली आणि झोपला तो झोपलाच. असं मरण मागून भेटत नाही. मले तुझी चिंता नव्हतीच. चिंता होती प्रज्ञाची. ती पोट्टी मनात धरून बसली होती, की आपली बिदाई झाली तेव्हा बापानं पाठ फिरवली, गाडीपाशी आलाच नाही. आणि त्या वेळी तू कुठं होता हे माहीत असलेला मी, तोंडाले कुलूप लावून फिरत होतो.

ते शेवटचं भांडण कशावरून झालं? दुसरं काय असणार! सॅक्सोफोन पितळी की लाकडी. मिसरूड फुटल्यापासून आपण एका बँडात, तू ट्रम्पेट, मी सॅक्सोफोन, आणि हा एक वाद आपल्याले जन्मभर पुरला. तुझा हेका एकच. पितळेचा आहे ना, चमकते ना, मग पितळी! किती वेळा सांगतलं तुले, अंगावर काय घातलं त्यावरून जात ठरत नाही, तोंडाशी काय थरथरते ते पाहा. तुझ्या ट्रम्पेटले नुसती वाटीसारखी तोंडी. तिच्यात ओठ लावायचे आणि ओठच फडफडवायचे. बटनं फक्त तीन, बाकी सारा खेळ ओठाच्या ताणाचा. माझ्या सॅक्सोफोनच्या तोंडाले बोरूसारख्या काडीची एक पातळ पट्टी बांधलेली असते, रीड. मी फुंकतो आणि ती थरथरते. म्हणून तो क्लॅरिनेटच्या घरातला, आपल्या सनईच्या भाऊबंदकीतला. अंग पितळेचं असो नाहीतर सोन्याचं, गणती लाकडी वाद्यांत.

तू सारं ऐकून घ्यायचा आणि मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "म्हंजे तुहा आवाज तुहा नाहीच. काडीचा हाय. उसन्या जिभेनं बोलतं तू, शालक्या. पिपाणीवाला!"

एकीकडं सॅक्सोफोनले पितळी म्हणायचं, दुसरीकडं पिपाणी म्हणायचं. तुझ्या बोलण्याले ना शेंडा ना बुडखा. पण चारचौघांत असा छातीठोक बोलायचा, की माणसं माझ्याचकडं पाहून हसायची.

आणि या हेक्यापायी तू माझ्या सॅक्सोफोनची काय गत केली होती, आठवते का? चौदा एप्रिलच्या मिरवणुकीआधी आपल्या बँडात सारी वाद्यं धुवायची रीत. अंगणात मोठं गंगाळ मांडायचं, त्यात गरम पाणी, चिंचेचा कोळ, आणि वरून राखेनं घासायचं. तुझे ट्रम्पेट, ते मोठाले भोंगे, सारे न्हाऊन निघायचे. त्या वर्षी मी चहा प्यायले गेलो आणि परत येऊन पाहतो तर माझा सॅक्सोफोन गंगाळात बुडालेला, फक्त मान वर! तू बाह्या सारून त्याले चिंच चोळून राहिला होता. मी बोंबललो तर वर तोंड करून म्हणतो, "पितळेले पाण्याचं काय भेव?"

अबे बैला, त्याच्या भोकाभोकावर चामड्याच्या गाद्या असतात! त्या साऱ्या फुगून पुऱ्या झाल्या. एकही भोक धड बंद होईना. दुसऱ्या दिवशी साऱ्या मिरवणुकीत मी गाल फुगवून, बोटं नाचवून मुका चाललो. सूर एक नाही. आणि एक म्हातारी माझ्याकडं बोट दाखवून शेजारणीले म्हणते, "काय गोड वाजवते व हा माणूस!" तू ते ऐकून ट्रम्पेट खाली घेऊन हसला होता, भर चौकात. पुढं नागपूरले नेऊन गाद्या बदलून आणल्या, तेव्हा मी तुझ्याशी बोललो. तरी तू म्हणे, पितळच आहे, फक्त नाजूक पितळ आहे.

तुझा राग मले कधी टिकवता आला नाही, हे तुले चांगलं माहीत होतं. माझ्या मोठीची बिदाई होती तेव्हाची गोष्ट. आपल्यात रीतच तशी. दुसऱ्याच्या वराती पोटासाठी वाजवायच्या, पण पोटच्या पोरीची बिदाई बापानं स्वतः वाजवायची, आणि ती एकट्यानं. मी उभा राहिलो, धून धरली आणि मधेच पोरीकडं पाहिलं. हवाच निघेना. तेव्हा माझ्या मागून तुझा ट्रम्पेट आला, इतका हळू की लोकांले वाटलं सॅक्सोफोनच खाली उतरला. मी सावरलो आणि तू गुपचूप थांबला. रीत मोडली म्हणून कोणी बोललं नाही, कारण कोणाले कळलंच नाही. तुले मी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. आज म्हणतो. लय मोठं काम केलं तू माझं त्या दिवशी.

मग तुझ्यावर वेळ आली. वहिनी गेल्यावर प्रज्ञाले तू एकट्यानं वाढवलं, वेण्या घालायलेसुद्धा शिकला. तिचं अकोल्याचं जमलं, उन्हाळ्यातली तारीख निघाली, आणि हिवाळ्यात एका सकाळी तू उठला तर अर्धं तोंड गेलेलं. लकवा. उजवा डोळा मिटेना, चहा पिला की ओठातून गळे. डॉक्टर म्हणाला, हळूहळू येईल. थोडं आलं, पण ओठ काही आला नाही. आणि ट्रम्पेटवाल्याचं सारं भांडवल ओठ! तू तोंडीले ओठ लावायचा आणि नुसतं फुस्स. मी तुझ्या घरी बसलो होतो, माझ्यासमोर तू पुन्हा पुन्हा फुंकून पाहिलं. मग ट्रम्पेट शालीत गुंडाळला आणि कपाटावर टाकून दिला.

"बिदाई तूच वाजव," तू म्हटलं.

"मी काहून? बाप तू हाय."

"तोंड पाह्य माहं! याच्यानं काय वाजवू? टाळ?"

मी उठलो. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच. अबे, जन्मभर हेच तर सांगून राहिलो याले! ट्रम्पेटमध्ये ओठ थरथरते. तुझा ओठ मेला तर ट्रम्पेट मेला. पण सॅक्सोफोनमध्ये थरथरते ती रीड. तिले हवा पाहिजे आणि दातांची, ओठांची नुसती पकड पाहिजे. दात तुझे शाबूत, आणि हवा तर तुझ्यात बैलगाडीच्या टायरात असते तेवढी. तुझ्या त्या मेल्या ओठाले माझी उसनी जीभ चालली असती.

तुले हे सांगतलं तेव्हा तू मले घरातून हाकललं. "मी अन् पिपाणी? माह्या पोरीच्या लग्नात?" म्हणून ओरडला. मग पुढच्या दुपारी मफलर गुंडाळून माझ्याच दारात. काहून आला, विचारलं तर म्हणे, उन्हात मफलर चांगला वाटते.

त्या दुपारच्या बैठका मले आयुष्यभर पुरतील, गुलाब. मी तुले सगळ्यात नरम रीड लावून दिली. पहिला सूर काढला तर शेजारच्या गोठ्यातली म्हशीची वगार ओरडून उठली. बोटं तुझी तीन बटनांची, इथं साऱ्या अंगभर चाव्या. तू एकेक चावी शोधायचा आणि मायबापाचा उद्धार करायचा. उजव्या कोपऱ्यातून हवा सुटायची, सुर्रर्र करून. तुझे दोन्ही हात गुंतलेले. म्हणून मी समोर बसून तुझा गाल अंगठ्यानं दाबून धरायचो. दोन मिशीवाले म्हातारे, एक वाजवून राहिला आणि दुसरा त्याचा गाल धरून बसला. माझी बायको दारातून पाहून तोंडाले पदर लावून पळाली.

पुढं चिकटपट्टी सापडली. तिनं गाल ओढून बांधला की हवा कमी सुटायची. हळूहळू ती पाच-सहा सुरांची धून तुझ्या बोटांत बसली. गोड नाही म्हणणार. पण धून होती, आणि ती तू वाजवत होता.

"पण प्रज्ञाले कळलं नाही पायजे," तू म्हटलं.

"काहून? तिच्यासाठीच तर चाललं."

"तिले ट्रम्पेटवाला बाप माहीत हाय. साऱ्या अमरावतीत ज्याचा सूर दुरून वळखू येते, तो. तिच्या कानात तोच राहू दे. हे असं वाकडं-तिकडं बापाचं म्हून तिनं जन्मभर नाही आठवलं पायजे. रीत मी पुरी करतो. पण नाव तुहं." आणि मले माझ्या सॅक्सोफोनवर हात ठेवायले लावला.

मी हात ठेवला. तुझ्याशी वाद घालायची मले सवय होती, पण तेव्हा तुझा उजवा डोळा वाहत होता. तो लकव्यानं वाहते की कशानं, हे मले समजलं नाही. बँडातल्या पोरांलेही तू तशीच शपथ घातली. ते तर तुले भीतच होते.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात तू तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती गळ्यात पडायच्या आत वळून निघून गेला. लोक म्हणाले, बापाले सहन झालं नाही. कोणी मागं आलं नाही. तू आपल्या स्पीकरच्या ठेल्यामागं आला. मी तिथं माईक लावून, चिकटपट्टी कापून तयार. तुझा गाल बांधला, वरून अंगठा ठेवला. पुढं रांगेत क्लॅरिनेटवाली पोरं आडवी उभी केली होती. ठेल्यावरच्या दोन भोंग्यांच्या फटीतून तुले गाडी दिसत होती.

तू धरली धून. बरी चालली होती. गाडीचं दार उघडलं, प्रज्ञा वाकून आत बसली, आणि तुझं तोंड माझ्या अंगठ्याखाली थरथरायले लागलं. चिकटपट्टी सुटली. रीड चिरकली. ते चिरकणं स्पीकरमधून साऱ्या बडनेरा रोडले ऐकू गेलं. पाहुण्यांत कोणीतरी हसलंही. मले वाटलं, आता थांबतो हा. पण तू थांबला नाही. फुसफुसत, चिरकत, डोळे पुसायले हात नाही म्हणून तसाच वाजवत राहिला, गाडी गेटातून वळून दिसेनाशी होईपर्यंत.

मग सॅक्सोफोन खाली ठेवून मले विचारलं, "कसं झालं?"

"बेकार," मी म्हटलं.

तू अर्ध्या तोंडानं हसला. "पितळच हाय हे," म्हणला. "पिपाणी असती तर माह्या हातून वाजली नसती." तुझं हे असं. हरला तरी जिंकलाच!

पुढं माझी जी शोभा झाली ती तू डोळ्यांनं पाहिली. माहेरपणाले आली की प्रज्ञा मले चिडवायची, "काय शालिककाका, माह्या बिदाईत कोंबडं कापून राहिले होते का?" सारे हसायचे. एका लग्नघरी तर मले ऐकू येईल असं बोलले, की म्हाताऱ्याचा दम गेला, क्लॅरिनेटवाल्यालेच पुढं करा. मी तुझ्याकडं असा पाहायचो, की आता तरी बोल बे. तू चहाच्या कपात पाहत बसायचा. मग बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारायचा. तुझी ती थाप मले पुरायची, म्हणून मी सोसलं. नाहीतर माझ्या सुराले कोणी नाव ठेवलं तर मी काय करतो हे तुले माहीत आहे.

मी विचार केला होता, एक दिवस हा स्वतःच सांगेल. तुझ्याशी भांडून तुले सांगायले लावायचं मी ठरवलंही होतं. त्या संध्याकाळी त्याच्यासाठीच तर तुले घरी बोलावलं होतं. पण तू आधी पितळी-लाकडीवर नेलं, आणि आपण त्यातच रंगलो. तू गेला आणि ते राहिलं.

तू गेल्यावर घरी पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, त्या दिवशी सारे उठल्यावर प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काका, बाबाले माही बिदाई वाजवता आली नाही, ते जाऊ द्या. तोंडच गेलं होतं. पण गाडीपाशी तरी यायचं होतं ना." एवढंच म्हणाली आणि तान्ह्या लेकराले घेऊन उठली. घरात पाहुणे, भन्तेजी बसलेले, मी काय बोलणार? पण घरी आल्यावर तुझ्या फोटोकडं पाहून म्हटलं, गुलाब, तू मेला, आता शपथ सुटली की नाही? तू उत्तर देणार कुठून! या एका वादात तुझी बाजू ऐकायले भेटलीच नाही. मग मीच निकाल दिला आणि सकाळची गाडी धरली.

अकोल्याले तिच्या सासूबाईनं पोहे केले, चहा केला, आणि आमच्या बोलण्यात नको म्हणून आत गेल्या. प्रज्ञानं मोबाइल काढला. लग्नाचा व्हिडिओ होता.

"हे पाहा काका. हॉलच्या दारात हाय बाबा. इथं डोक्यावर हात ठेवला. आन् मग कुठंच नाही. मी सारे चेहरे पाहून राहिली रोज. मामा हाय, गल्लीतले हायत, काकू हायत. बाबा नाही. नाराज होते का माह्यावर?"

"मी दिसतो का त्यात?" मी विचारलं.

"तुमी कशाले दिसान? तुमी तर मागं वाजवून राहिले होते."

"मी नव्हतो वाजवत, बेटा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगत गेलो. मफलर सांगतला, वगार सांगतली, गाल धरून बसलो ते सांगतलं. मधेच ती हसली, मग हसता हसता तिनं ओढणी तोंडाले लावली. "पण तो तर सॅक्सोफोन हाय," ती म्हणाली, "बाबाले कुठं येत होता?"

"नव्हताच येत. तुह्यासाठी शिकला. दुपारी दुपारी, माह्या घरी."

मग तिनं व्हिडिओ मागं नेला आणि आवाज मोठा केला. गाडीचं दार उघडलं, ती वाकून बसली, आणि ते चिरकणं आलं. ज्याच्यावर दोन वर्षं साऱ्यांनी मले हसून घेतलं, ते.

"हे?"

"हे. फटीतून तुले पाहून राहिला होता. तू बसली आन् त्याचं तोंड सुटलं."

तिनं पुन्हा मागं नेला. पुन्हा ऐकलं. या खेपेले ती पडद्याकडं पाहतच नव्हती, मोबाइल कानाले लावून डोळे मिटून बसली होती. सासूबाई बाहेर आल्या, "काय झालं व?" म्हणून. तर ही म्हणते, "आई, थांबा, बाबा वाजवून राहिले."

पार गेटापर्यंत ऐकलं तिनं. ते फुसफुसणं, ते तुटणं, सारं. मग डोळे पुसून मले म्हणाली, "काय चांगलं वाजवलं हो काका, बाबानं."

गुलाब, साऱ्या वऱ्हाडात याहून बेसूर बिदाई आजपर्यंत कोणी वाजवली नसेल. जन्मभर सुराच्या बाबतीत मी कोणाशी खोटं बोललो नाही, तुझ्याशी तर नाहीच.

मी म्हटलं, "हो बेटा. लय चांगलं वाजवलं."